विशेष शिक्षण दोन खात्यांत कसे विभागले गेले

दिव्यांग मुलांचे शिक्षण हा आपल्याकडे बराच काळ शिक्षण खात्याचा विषय नव्हताच. मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कर्णबधिरांसाठी शाळा निघाली आणि १९०२ मध्ये अंधांसाठी व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा, त्या धर्मादाय भावनेतून. स्वातंत्र्यानंतर अशा शाळांचे अनुदान समाजकल्याणाकडे गेले, आणि मूल शिकते की नाही यापेक्षा ते सांभाळले जाते की नाही, हीच कसोटी राहिली.

कोठारी आयोगाने (१९६४-६६) हे शिक्षण सर्वसाधारण व्यवस्थेचा अविभाज्य भाग मानावे असे सुचवले. त्या दिशेने केंद्राने १९७४ मध्ये एकात्मिक शिक्षणाची, म्हणजे दिव्यांग मुलांना सर्वसाधारण शाळेत शिकवण्याची, योजना आणली खरी, पण तीही कल्याण खात्यामार्फत. शिक्षण खात्याकडे ती १९८२ मध्ये आली. विशेष शाळा मात्र होत्या तिथेच राहिल्या. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणानेही सौम्य दिव्यांगत्व वा अस्थिव्यंग असलेली मुले शक्य तिथे सर्वसाधारण शाळेत आणि तीव्र दिव्यांगत्वाची मुले जिल्ह्याच्या ठिकाणच्या निवासी विशेष शाळेत, अशी वाटणी केली.

वर्गातला खरा बदल प्रशिक्षणामुळे झाला, असे माझे मत आहे. विशेष शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे नियमन करणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या १९९२ च्या कायद्यानंतर विशेष शिक्षकाला नोंदणी आवश्यक झाली आणि वैयक्तिक शैक्षणिक आराखडा हे रोजचे साधन बनले. या आराखड्यात ‘गणितात प्रगती’ असे मोघम लिहून भागत नाही. दहाची नोट देऊन सात रुपयांची वही घेतल्यावर उरलेले तीन रुपये मुलाने स्वतः मोजून घ्यावेत, इतके नेमके उद्दिष्ट, त्याची मुदत आणि किती मदत द्यायची, हे सारे त्यात नोंदवावे लागते.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या १९९५ च्या कायद्याने सात प्रकारची दिव्यांगत्वे मान्य केली होती, २०१६ च्या कायद्याने एकवीस. अध्ययन अक्षमतेला (वाचन, लेखन वा गणितात सतत येणाऱ्या अडचणीला) कायद्यात स्थान मिळाले ते याच वेळी. दरम्यान, शिक्षण हक्क कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती होऊन तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याचा पर्याय मिळाला. ही तरतूद अंथरुणाला खिळलेल्या मुलासाठी आवश्यकच आहे. मात्र रॅम्प वा मदतनीस नसलेल्या शाळेला ती सोयीची पळवाट ठरू शकते, हा आक्षेपही तितकाच रास्त आहे.

महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाला. विशेष शाळा त्याच्याकडे आल्या, तर समावेशित शिक्षण, म्हणजे दिव्यांग मुलांनी सर्वसाधारण शाळेत इतरांसोबत शिकणे, शालेय शिक्षण विभागाकडेच आहे. त्यामुळे विशेष शाळेतून गावच्या शाळेत जाणाऱ्या मुलाचे खातेही बदलते.