बाकड्यावरचं अरण्य

दशावतारी नाटकाला रंगमंचावर एक बाकडं पुरतं. सिंधुदुर्गातल्या जत्रांत देवळाच्या आवारात रात्रभर चालणाऱ्या खेळात तेच बाकडं सिंहासन असतं, घटकाभराने रथ आणि पुढच्या प्रवेशात डोंगरातली शिळा. संहिता बहुधा लिहिलेली नसते. पेटी, पखवाज आणि झांजेच्या साथीने नट उभ्या उभ्या संवाद रचतात. तरी राजा ‘हे घोर अरण्य!’ म्हणाला की समोरची मंडळी अरण्यात पोचलेली असतात.

यातला कानांचा वाटा आधी पाहू. डावीकडून आलेला आवाज उजव्या कानाशी फार तर सेकंदाच्या 0.0007 व्या भागाइतका उशिरा पोचतो, आणि एवढ्याशा फरकावरून मेंदू दिशा ओळखतो. अंतरासाठी तो वेगळा हिशेब मांडतो: थेट आलेला आवाज किती आणि भिंतींवर आपटून आलेला किती? थेट जास्त असेल तर बोलणारा जवळ, आपटलेला जास्त असेल तर तो दूर, किंवा जागाच भली मोठी. लंडनच्या कॉम्प्लिसिटे या नाट्यसंस्थेने 2015 मध्ये एडिंबरोत केलेला प्रयोग याच हिशेबावर उभा होता. रंगमंचावर दोन्ही कानांत मायक्रोफोन बसवलेलं कृत्रिम डोकं, आणि प्रत्येक प्रेक्षकाला हेडफोन. नट त्या डोक्याच्या कानाशी कुजबुजला की प्रेक्षकाला तो आपल्याच कानाशी आल्यासारखा वाटे.

पण आवाज जागेचा आकार सांगतो, जागा कोणती ते नाही. समुद्राची गाज म्हणजे जवळजवळ सगळ्या कंप्रतांची (जाड-बारीक स्वरांची) खिचडी. नुसती रेकॉर्डिंग ऐकवली तर ती पाऊस वाटेल, हायवेची वाहतूक वाटेल, तव्यावरचे बांगडेही वाटतील. तिथे ‘भरती इली रे, होडी वर वोढा!’ एवढं एक वाक्य पडलं की काम झालं. त्या ‘वर’मध्ये किनाऱ्याचा उतार आला आणि पाणी कुठल्या अंगाला आहे तेही आलं.

हे जोडकाम मेंदू कुठे करतो? डेमिस हसाबिस (पुढे 2024 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी) आणि एलिनॉर मॅग्वायर या मेंदूसंशोधकांच्या गटाने 2007 मध्ये मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाला इजा झालेल्या रुग्णांना काही प्रसंग कल्पायला सांगितले. त्यांत पांढऱ्या वाळूचा समुद्रकिनाराही होता. एका रुग्णाला पक्ष्यांचा आणि समुद्राचा आवाज मनात ऐकू येत होता, हाताला वाळूही जाणवत होती. दिसत मात्र आकाशाखेरीज काही नव्हतं. तुकडे होते, त्यांची जागा बनत नव्हती. बाकड्यावरचं अरण्य उभं राहतं ते प्रेक्षकाच्या हिप्पोकॅम्पसच्या भरवशावर.

आता कर्ण्यांकडे येऊ, कारण जत्रेत घोटाळा तिथेच होतो. कर्णा प्रेक्षकांच्या शेजारच्या झाडावर बांधला तर त्यातला आवाज नटाच्या आवाजाआधी पोचतो आणि राजा झाडावरून बोलू लागतो. जर्मनीत हेल्मुट हास यांनी 1949 मध्ये दाखवलं की आधी आलेला आवाज दिशा ठरवतो. मागून 5 ते 30 मिलिसेकंदांत आलेला आवाज 10 डेसिबलपर्यंत मोठा असला तरी कान पहिल्याचीच दिशा धरतो. म्हणून नटापासून 17 मीटर पुढे बांधलेल्या कर्ण्याला 50 मिलिसेकंद (आवाजाला तेवढं अंतर कापायला लागणारा वेळ) आणि वर आणखी 10-15 मिलिसेकंद उशीर दिला की राजा पुन्हा बाकड्यावर येतो. हल्लीच्या डिजिटल मिक्सरवर ही सोय असते. ट्रिकसीनवाल्या (चमत्कारांची दृश्यं दाखवणाऱ्या) प्रयोगांत मात्र सगळी हौस ‘इको’च्या बटणावर. आकाशातून येणाऱ्या देववाणीला तो शोभतोही. पण नारदापासून राक्षसापर्यंत सगळ्यांनाच इको लावला, तर सगळे एकाच गुहेत राहायला गेल्यासारखे वाटतात.

घुमणं वाढवता येतं, सभागृहाचं स्वतःचं घुमणं मात्र बटण दाबून काढता येत नाही. म्हणून देवळाबाहेरच्या मोकळ्या मांडवात गुहा सहज उभी करता येते. पण मालवणच्या मामा वरेरकर नाट्यगृहासारख्या बंदिस्त सभागृहात उघडा किनारा दाखवायचा, तर बराचसा भार संवादांनाच उचलावा लागतो.