पेरी-इम्प्लांटायटिस

रोपित (हाडात टायटॅनियमचा स्क्रू रोवून बसवलेल्या) दाताभोवतीच्या ऊतकांचा जिवाणूजन्य शोथ (दाहयुक्त सूज) व त्यासोबत आधाराच्या हाडाचा वाढत जाणारा ऱ्हास. शोथ हिरडीपुरता असून हाड शाबूत असेल, तर त्यास म्यूकोसायटिस म्हणतात. ती अवस्था स्वच्छतेने मागे फिरते. झिजलेले हाड मात्र आपोआप भरून येत नाही.

ही संज्ञा १९६० च्या दशकातील फ्रेंच लेखनात आढळते, असे म्हणतात. रूढ झाली ती बहुधा आंद्रेया मोम्बेली व सहकाऱ्यांच्या १९८७ मधील अभ्यासानंतर. कारणाविषयी मतभेद आहेत. स्वीडनचे टोमास आल्ब्रेक्टसन यांच्या मते टायटॅनियम हा शरीराला परकाच पदार्थ; त्याच्याशी जमलेला समतोल ढळला की हाड झिजते, जिवाणू मागाहून येतात. याउलट पोंटोरिएरो व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये स्वयंसेवकांना तीन आठवडे दात घासणे थांबवायला लावले, तेव्हा रोपणाभोवतीची हिरडी नैसर्गिक दाताभोवतीच्या हिरडीसारखीच सुजली. प्रयोग म्यूकोसायटिसपुरता होता हे खरे. तरी बहुसंख्य अभ्यासकांचा कल जिवाणूंकडेच आहे, आणि तो सयुक्तिक वाटतो. नैसर्गिक दाताच्या मुळात हिरडीचे तंतू आडवे रुतलेले असतात. रोपणाभोवती ते बहुतांशी त्याच्या पृष्ठभागाला समांतर असल्याने शोथ हाडापर्यंत लवकर उतरतो.

दुखणे बहुधा नसते. हिरडी व रोपण यांमधील फटीत प्रोब (खोली मोजण्याची बारीक सळई) फिरवताना रक्त किंवा पू येतो. निदानासाठी कॅप (रोपणावरचा कृत्रिम दात) बसवल्यावेळचा एक्स-रे तुलनेला हाताशी लागतो. खान्देशात इथेच घोडे अडते: नंदुरबारच्या रुग्णाने सुरतेला, धुळे-जळगावच्या रुग्णाने नाशिक-पुण्याला रोपण करून घेतले असेल, तर फिल्म तिकडेच राहते. अशा वेळी हिरडी व रोपणाभोवतीच्या रोगांवरील २०१७ च्या जागतिक कार्यशाळेचा निकष लावतात : रक्त वा पू, फटीची ६ मिमी. किंवा अधिक खोली आणि ३ मिमी. किंवा अधिक हाडाची झीज. पूर्वीचा पायोरिया, अनियंत्रित मधुमेह व धूम्रपान धोका वाढवतात. मिश्री लावणे म्हणजेच दात घासणे, ही समजूतही घातक. बोट मागच्या दाढांच्या फटीत पोचत नाही.

उपचाराची सुरुवात कॅपपासून करावी. कडेखाली उरलेला सिमेंटचा कण हे वारंवार सापडणारे कारण असून, तो काढताच पू थांबल्याचे दिसते. कॅपचा आकार ब्रश शिरू देत नसेल, तर तोही बदलतात. त्यानंतर टायटॅनियमच्या वा कार्बन-तंतूच्या क्युरेटने (खरवडण्याच्या हत्याराने), किंवा ग्लायसीन भुकटीच्या फवाऱ्याने पृष्ठभाग साफ करतात. साध्या पोलादी हत्याराने टायटॅनियमवर चरे पडतात. क्लोरहेक्सिडीनच्या गुळण्या ही जोड, मुख्य उपचार नव्हे. पोटातून प्रतिजैविके सरसकट देण्याची शिफारस नाही. गोळ्यांनी सूज उतरते, रोपणावरचा जिवाणूंचा थर तसाच राहतो. सुमारे सहा ते बारा आठवड्यांनी पुन्हा तपासून फटीची खोली टिकून असल्यास हिरडी उघडून सफाई करतात. हाडातला खड्डा वाटीसारखा असेल तर अस्थिभरण करता येते. लेसरचा वेगळा फायदा निर्विवाद सिद्ध झालेला नाही. रोपण हलू लागल्यास काढून टाकतात.