बर्फावर मीठ टाकू नका, बॉक्सला ओलं गोणपाट गुंडाळा

मे महिना संपत आला की भंडारदऱ्याला काजवे बघायला जाणाऱ्यांची आणि पवना लेकला तंबू ठोकणाऱ्यांची गर्दी सुरू होते, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एक टीप फिरायला लागते की आइसबॉक्समधल्या बर्फावर मूठभर मीठ टाका, बर्फ दुप्पट टिकतो. हे साफ उलटं आहे. मीठ टाकलेला बर्फ लवकर संपतो, आणि तो का संपतो हे एकदा कळलं ना की कॅम्पिंगला खाणंपिणं थंड कसं ठेवायचं याचं जवळपास सगळं उत्तर मिळतं.

शाळेत अप्रकट उष्मा, म्हणजे तापमान न वाढवता नुसती वितळण्यात खर्च होणारी उष्णता, शिकलेलो असतो आपण, ८० कॅलरी प्रति ग्रॅम, परीक्षेत लिहून मोकळे होतो. पण हा आकडा खरंच भन्नाट आहे. घरच्या फ्रीजरमधून उणे १८ अंशांवरचा बर्फ काढला तर तो शून्यापर्यंत येताना एका ग्रॅममागे साधारण ९ कॅलरी उष्णता शोषतो. मग वितळायला लागतो आणि वितळून पूर्ण पाणी होईपर्यंत ८० कॅलरी शोषतो. त्या पाण्याचं तापमान शून्यावरून ५ अंशांवर जाईपर्यंत अजून फक्त ५. म्हणजे बर्फाचं जवळपास सगळं काम वितळताना होतं, तो मुळात किती गार होता याला फार महत्त्व नाही. आणि वितळताना त्या ८० कॅलरी शोषत असताना त्याचं तापमान शून्यावरून हलत नाही! बर्फात पाण्याचा प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांना धरून बसलेला असतो, आत येणारी उष्णता ही पकड सोडवण्यात खर्च होते, रेणूंचा वेग वाढवण्यासाठी काही उरतच नाही आणि तापमान म्हणजे तर रेणूंच्या हालचालीचंच माप. १७६० च्या दशकात ग्लासगोमध्ये जोसेफ ब्लॅक या शास्त्रज्ञाने हे ओळखलं. बर्फाला उष्णता देत राहिलं तरी थर्मामीटर ढिम्म, मग उष्णता जाते कुठे, हा साधा प्रश्न त्याने सोडला नाही.

आता मीठ. शून्य अंशावर बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर असतो, काही रेणू बर्फातून सुटून पाण्यात येत असतात आणि तेवढेच परत जाऊन बर्फाला चिकटत असतात. पाण्यात मीठ विरघळलं की परत चिकटणाऱ्यांची संख्या कमी होते, सुटणारे मात्र सुटतच राहतात, त्यामुळे वितळणं जिंकतं. पण वितळायला ग्रॅममागे ८० कॅलरी लागतात, त्या आणायच्या कुठून? बर्फ त्या स्वतःकडून आणि भोवतीच्या खारट पाण्याकडून घेतो, म्हणून सगळं मिश्रण शून्याच्या खाली जातं, मिठाचं प्रमाण बरोबर जमलं तर उणे २१ पर्यंत. घरी हाताने फिरवायच्या पॉटमध्ये आइस्क्रीम करताना बर्फात खडेमीठ टाकतात ते याचसाठी, कारण दूध शून्यावर गोठत नाही, त्याहून खाली न्यावं लागतं. म्हणजे मीठ झटपट गार करायला उत्तम, पण दोन दिवस गार ठेवायला वाईट, कारण बर्फ पटापट वितळतो आणि वर बॉक्सच्या आतलं आणि बाहेरचं तापमान यातला फरक वाढल्यामुळे बाहेरून उष्णताही जास्त वेगाने आत शिरते. सोडा वगैरे पंधरा मिनिटांत गार करायचा असेल तर बादलीत बर्फ, पाणी, मीठ घ्या आणि लक्ष ठेवा, जास्त वेळ राहिला तर बाटली गोठून फुटते.

ही उष्णता किती शिरते ते काढता येतं, मला हे गणित फार आवडतं, थोडं सोबत या. बाहेरून ४० बाय ३० बाय २५ सेंटिमीटरचा थर्माकोलचा बॉक्स घ्या, भिंत अडीच सेंटिमीटर जाड. सगळ्या बाजू मिळून क्षेत्रफळ जवळपास ०.६ चौरस मीटर. थर्माकोलची उष्णतावाहकता साधारण ०.०३५. बाहेर ३४ अंश, आत ४, म्हणजे फरक ३०. वाहकता गुणिले क्षेत्रफळ गुणिले फरक भागिले जाडी (मीटरमध्ये, म्हणजे ०.०२५) केलं की २५ वॅट येतात, म्हणजे सेकंदाला ६ कॅलरी, म्हणजे दिवसाला ५ लाखांच्या वर. त्याला ८० ने भागा, साडेसहा किलो बर्फ! एका दिवसाचा! लोक दोन किलोची पिशवी टाकतात आणि रात्री जेवायच्या वेळी बॉक्समध्ये कोमट पाणी का असं विचारतात. हेच भिंत दुप्पट जाड केली की बर्फ निम्मा लागतो. म्हणून बॉक्स घेताना रंग, चाकं, बाटली उघडायची सोय हे सगळं नंतर, आधी भिंतीची जाडी बघा, आणि झाकणाचीही बघा कारण कित्येक बॉक्सचं झाकण आतून पोकळ असतं.

त्यात आपण काय करतो, ३० अंशांवरच्या, मिळून सहा लिटर भरतील एवढ्या बाटल्या घरून तशाच आत टाकतो. त्यांना ५ अंशांवर आणायला दीड लाख कॅलरी काढून घ्याव्या लागतात, जवळपास १.९ किलो बर्फ तिथेच गेला, प्रवास सुरू व्हायच्या आधी. आदल्या रात्री घरच्या फ्रीजमध्ये गार करून न्या, तो वीजबिलात परवडतो. याउलट झाकण उघडायची मात्र उगाच धास्ती असते. बॉक्समधली वीसेक लिटर हवा वजनाने फक्त २४ ग्रॅम भरते, ती सगळी बदलली आणि नव्या हवेतली वाफ आत थिजली तरी पाच-सहा ग्रॅम बर्फ जातो. उघडा आणि लगेच बंद करा, झालं. उघडा ठेवून गप्पा मारत बसलात तर गोष्ट वेगळी.

बर्फ फोडून टाकायचा का लादी ठेवायची? १० सेंटिमीटरच्या ठोकळ्याचा पृष्ठभाग ६०० चौरस सेंटिमीटर असतो, त्याचेच अडीच सेंटिमीटरचे तुकडे केले की २४००. चारपट पृष्ठभाग, म्हणून कोळी लोक मासे फोडलेल्या बर्फात ठेवतात, मासा सगळीकडून चटकन गार व्हायला हवा असतो. टिकवायचं असेल तर मोठा ठोकळा. १८३३ साली बोस्टनहून 'टस्कनी' नावाचं जहाज तळ्याचा नैसर्गिक बर्फ घेऊन निघालं आणि चार महिन्यांनी कलकत्त्याला पोचलं, निघताना १८० टन होता, पोचला १०० टनांच्या आसपास, तेही विषुववृत्त दोनदा ओलांडून आणि एकही यंत्र न वापरता. मोठा ढीग, वस्तुमानाच्या मानाने पृष्ठभाग कमी, आणि भोवती लाकडाचा भुसा. बस.

बाजारातल्या लादीबद्दल एक. २०१८ पासून महाराष्ट्रात न खाण्याच्या बर्फात निळा रंग टाकायचा नियम आहे, तो निळसर बर्फ सरबतात टाकायचा नाही. सगळ्यात सोपं म्हणजे घरीच पाण्याच्या बाटल्या गोठवा (थोडी जागा सोडून, बर्फ फुगतो), बॉक्स गार राहतो आणि दुसऱ्या दिवशी तेच पाणी प्यायला मिळतं.

आता गोणपाट. पाण्याचं बाष्प होताना ग्रॅममागे ५८० कॅलरी लागतात, वितळण्याच्या सातपट! माठ, पूर्वी जीपला बाहेर टांगलेली कॅनव्हासची छागल (पाण्याची पिशवी), सगळं यावरच चालतं. पण किती गार होईल ते हवेतल्या ओलाव्यावर ठरतं. एप्रिलमध्ये सोलापूरकडे ४० अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल तर ओलं फडकं जास्तीत जास्त २३ अंशांपर्यंत उतरू शकतं. कोकण किनाऱ्यावर ३३ अंश आणि ७५ टक्के असेल तर २९ वरच अडकतं, म्हणून तिथे या युक्तीचा फार उपयोग नाही. २३ अंशांत चिकन टिकत नाही, पण बॉक्सची बाहेरची भिंत मात्र ३८ वरून २६ वर आली तर आतल्या ४ शी फरक ३४ वरून २२ वर येतो आणि एक तृतीयांश बर्फ वाचतो, फुकट. त्यामुळे देशावर कॅम्प असेल तर बॉक्स सावलीत, वारा लागेल असा, दोन दगडांवर ठेवा, गोणपाट गुंडाळा आणि दर तास-दोन तासांनी पाणी शिंपडा. उन्हात ठेवला तर सगळं वाया, दुपारच्या उन्हात चौरस मीटरला हजार वॅटच्या आसपास उष्णता पडते. गाडीच्या डिकीत तर नकोच.

गाडीच्या चार्जरवर चालणारे स्वस्त 'मिनी फ्रिज' घेताना नीट वाचा. त्यात पेल्टियर चकती असते, म्हणजे वीज दिली की एका बाजूने गार आणि दुसऱ्या बाजूने गरम होणारी चकती, ती बाहेरच्या तापमानापेक्षा साधारण १५ ते २० अंश खाली नेते. बाहेर ३८ असताना हा फ्रिज नाही. 'बर्फ ७२ तास टिकतो' असं लिहिलेल्या बॉक्सवरही किती बर्फ भरून आणि बाहेर किती तापमान असताना, हे बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं.

आणि कच्चं मटण-चिकन रात्री घाटातून नेताना पिशवीत कोळसा किंवा खिळा ठेवायची पद्धत अजून चालते, म्हणे मागे काही लागत नाही. आजारी पाडतात ते जिवाणू, आणि त्यांना कोळशाने काही होत नाही, तापमानाने होतं. ५ ते ६० अंशांच्या मध्ये ते वाढतात, सोयीचं वातावरण मिळालं तर काही जिवाणू वीसेक मिनिटांत दुप्पट होतात. मॅरिनेट केलेलं चिकन घट्ट डब्यात, बर्फाला चिकटून, तळाशी ठेवा, पेयांचा बॉक्स वेगळा ठेवा कारण तो सारखा उघडला जातो. पेयांच्या बॉक्समधलं वितळलेलं पाणी ओतून टाकायची घाई करू नका, बर्फ शिल्लक आहे तोवर ते शून्याच्या आसपासच असतं आणि बाटल्यांना हवेपेक्षा चांगलं गार ठेवतं. चिकनच्या बॉक्समधलं मात्र काढा, डबा गळला तर ते सगळीकडे पसरतं. संध्याकाळी शेगडी पेटवायच्या आधी आत बघा, बर्फ शिल्लक असेल आणि डबा हाताला गारेगार लागत असेल तर भाजायला घ्या. बर्फ कधीचाच संपलेला आणि डबा कोमट असेल, दोन तासांहून जास्त वेळ तसाच गेला असेल (आणि ३२ अंशांच्या वरच्या उकाड्यात एक तास), तर वास चांगला येत असला तरी ते चिकन टाकून द्या आणि पिठलं करा.