चुना, हळद आणि तळहातावरची तंबाखू

शाळांमधल्या तंबाखूविरोधी चित्रकला स्पर्धांतली चित्रे पाहिली तर एक गोष्ट हमखास आढळते. बहुतेक चित्रांत जळती सिगारेट असते, तिच्या धुरातून कवटी निघत असते आणि वर लाल फुली मारलेली असते. चित्रे मन लावून काढलेली असतात; पण ती महाराष्ट्रातल्या तंबाखूची नसतात. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले सुमारे २४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू सेवन करताना आढळले, तर विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचे प्रमाण चार टक्क्यांहूनही कमी निघाले. मुलांच्या घरात, शेताच्या बांधावर आणि एसटी स्थानकात दिसते ती चुन्याची डबी, मशेरीची पुडी, विदर्भात खर्रा आणि बंदी असूनही मिळणारा गुटखा. देशातल्या १३ ते १५ वर्षे वयोगटाच्या २०१९ च्या शालेय सर्वेक्षणात ८.५ टक्के मुले कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होती. ही मुले शाळेत जे ऐकतात त्यात त्यांच्या ओळखीची वस्तू क्वचितच असते. त्यात जागतिक तंबाखूविरोधी दिन ३१ मे रोजी, म्हणजे आपल्याकडच्या शाळांच्या उन्हाळी सुट्टीत येतो, हा वेगळाच योग.

दुसरी अडचण भीतीची आहे. कर्करोगाने पोखरलेल्या जबड्याचे छायाचित्र पाहून चौदा वर्षांचा मुलगा क्षणभर शहारतो, पण तो रोग त्याच्या दृष्टीने आजोबांच्या वयाचा असतो. शिवाय तंबाखू मळणारे पण धडधाकट असलेले एखादे काका त्याच्या गल्लीत असतातच. मला वाटते, या मुलांना घाबरवण्याऐवजी चुना नेमके काय करतो ते शिकवावे. त्यासाठी लागणारे सारे रसायनशास्त्र आम्ल, आम्लारी आणि दर्शक या शालेय धड्यांत आधीच आलेले आहे.

तंबाखूच्या पानात निकोटीन असते, पण नुसते पान गालात धरले तर त्यातले फार थोडे रक्तात जाते. निकोटीनच्या रेणूत नायट्रोजनचे दोन अणू असतात आणि त्यांपैकी एकाला हायड्रोजनचा धनभारित कण, म्हणजे प्रोटॉन, पकडून ठेवण्याची सवय असते. आम्लात असे प्रोटॉन भरपूर असल्यामुळे तिथे जवळजवळ प्रत्येक निकोटीन रेणू धनभारित होऊन बसतो. आपल्या गालाच्या आतल्या पेशींची आवरणे मेदाची असतात, आणि तेलात मीठ विरघळत नाही त्याचप्रमाणे विद्युतभार असलेला रेणू या मेदातून सहजी पार होत नाही. प्रोटॉन सुटलेला, भार नसलेला रेणू मात्र आवरणातून सरळ आत शिरतो.

किती रेणू सुटे आहेत हे सामू, म्हणजे पीएच, ठरवतो. निकोटीनच्या बाबतीत सामू आठच्या आसपास असताना अर्धे रेणू भारित आणि अर्धे सुटे असतात. हा आकडा माहीत असला की बाकीचे गणिताने काढता येते: सामू सहा असताना शंभरातला साधारण एकच रेणू सुटा असतो, सात असताना नऊ, आठला पन्नास आणि नऊला तब्बल एक्क्याण्णव. तंबाखूच्या पानाचा स्वतःचा सामू साधारण पाच ते सहा असतो. तळहातावर अंगठ्याने तंबाखू मळताना तीत मिसळलेला चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. त्याच्या संपृक्त द्रावणाचा सामू बाराच्या पुढे असतो. त्यातले हायड्रॉक्साइड आयन निकोटीनचे प्रोटॉन ओढून घेतात, मिश्रणाचा सामू नऊच्या आसपास किंवा त्याहून वर जातो, आणि पानात अडकून पडलेले निकोटीन मोकळे होते. गालातून शोषलेले निकोटीन आधी यकृताकडे जात नाही, त्यामुळे गिळलेल्या तंबाखूतल्या निकोटीनची जी मोडतोड यकृतात होते, ती इथे टळते. चुना तंबाखूचे विष मारतो अशी समजूत अनेकांची असते. तो नेमके उलटे करतो. अँडीज पर्वतातले लोक कोकाची पाने चघळताना चुना किंवा राख वापरत आले, त्यामागेही हेच रसायन आहे. पाठ्यपुस्तकाशिवाय माणसांनी दोन खंडांत हा शोध लावला, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

हे वर्गात दाखवण्यासाठी तंबाखू आणायची गरज नाही, आणि शाळेच्या आवारात ती आणूही नये. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदावर लिंबाचे दोन थेंब घातलेले पाणी टाकले, तर कागद पिवळाच राहतो. त्याच कागदावर चुन्याच्या निवळीचा थेंब टाकला की लालभडक डाग उमटतो. हळद आणि चुन्यापासून कुंकू बनते ते याच गुणामुळे. हळदीचा हा रंगबदल साधारण सामू आठच्या आसपास होतो, म्हणजे जिथे निकोटीनचे अर्धे रेणू सुटतात जवळपास तिथेच. पिवळा म्हणजे निकोटीन बांधलेले, लाल म्हणजे सुटलेले, एवढे सांगितले तरी मुलांना पुढचे पुष्कळ कळते.

चुन्याचा विषय निघाला आहे तर एक सांगायला हवे. रोज गव्हाच्या दाण्याएवढा चुना खाल्ला तर उंची वाढते आणि हाडे बळकट होतात, असे संदेश मोबाइलवर वर्षानुवर्षे फिरत आहेत. कॅल्शियम नाचणीत, दुधात आणि तिळात मिळते, आणि त्यासाठी तोंडाची त्वचा भाजून घ्यावी लागत नाही. मशेरीने दात घट्ट होतात हीदेखील तशीच समजूत. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. ती दाताला लावल्यावर ठणका कमी झाल्यासारखा वाटला, तरी कीड आणि हिरड्यांचा आजार आत चालूच राहतो.

आता सुटलेले निकोटीन मेंदूत काय करते ते पाहू. मेंदूतल्या चेतापेशी ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनाने एकमेकींना निरोप देतात आणि ते ओळखणारे ग्राहक रेणू पेशींच्या पृष्ठभागावर असतात. निकोटीन त्यांपैकी एका प्रकारच्या ग्राहकांत चपखल बसते. ॲसिटिलकोलीनचे काम संपताच ते मोडणारे विकर मेंदूत असते, पण ते निकोटीनला मोडू शकत नाही; त्यामुळे ग्राहक आधी चेततात आणि मग बधिर होऊन पडतात. बधिर झालेल्यांची भरपाई म्हणून पेशीच्या पृष्ठभागावर ग्राहकांची संख्या वाढते. रक्तातले निकोटीन साधारण दोन तासांत निम्मे होते. तेवढ्यात हे वाढीव ग्राहक जागे होऊन रिकामे राहू लागतात, आणि माणूस बेचैन होतो, चिडतो, त्याचे लक्ष उडते. पुन्हा बार भरला की बरे वाटते. तंबाखूने अभ्यासात लक्ष लागते असे सांगणारा मुलगा खोटे बोलत नसतो. मात्र त्याला लाभलेली एकाग्रता ही तंबाखूनेच काढून घेतलेली एकाग्रता असते. मोह आवरणारा, परिणामांचा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, त्यामुळे चौदाव्या वर्षी लागलेली सवय तिशीत लागलेल्या सवयीपेक्षा कितीतरी चिवट ठरते.

कर्करोगाचा भाग थोडक्यात सांगतो. पाने वाळवताना आणि मुरवताना निकोटीन व त्याच्या भावंड रसायनांपासून नायट्रोसामाइन तयार होतात. त्यांपैकी एनएनएन आणि एनएनके या दोहोंना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मानवात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत गणले आहे. चुन्याने भाजलेल्या पेशी जखम भरण्यासाठी वेगाने विभाजित होतात आणि विभाजनाच्या वेळी डीएनएतल्या चुका टिकून राहण्याची शक्यता वाढते. म्हणून कर्करोगाची पूर्वखूण ठरू शकणारा पांढरा किंवा लाल चट्टा बऱ्याचदा नेमका चिमूट ठेवण्याच्या खोबणीतच उठतो.

मावा, खर्रा आणि गुटख्यात सुपारीही असते, आणि तिला निरुपद्रवी समजण्याचे कारण नाही. तिच्यातले अरेकोलीन गालातल्या पेशींकडून कोलॅजेन नावाचे तंतू जास्त बनवून घेते, तर सुपारीतले तांबे ते तंतू एकमेकांना घट्ट बांधणाऱ्या विकराला बळ देते. गाल हळूहळू चामड्यासारखा ताठ होतो, तिखट सोसेनासे होते आणि तोंड उघडणे कमी होत जाते. स्वतःची तीन बोटे उभी एकावर एक धरून तोंडात जातात का, हे कोणालाही आरशासमोर पाहता येते. जात नसतील तर दंतवैद्याकडे जावे. हा आजार विशीतल्या तरुणांतही दिसतो आणि त्यासाठी तंबाखू लागतेच असे नाही, मुलांच्या हाती सर्रास पडणारी गोड सुपारीसुद्धा त्याच सुपारीची असते.

तंबाखू सोडण्यासाठी डॉक्टर काही प्रौढांना निकोटीनचे च्युइंगम देतात. ते थोडे चघळून गाल आणि हिरडीच्या मध्ये धरायचे असते, अगदी चिमटीसारखे, आणि त्यात सामू वाढवणारे कार्बोनेट मुद्दाम घातलेले असते. म्हणूनच त्याच्या सूचनांत, चघळण्याआधी पंधरा मिनिटे कॉफी, फळांचा रस किंवा थंड पेय घेऊ नये असे लिहिलेले असते, कारण ही पेये लाळ आंबट करतात आणि निकोटीन पुन्हा भारित होऊन गालाबाहेरच राहते. वर्गातल्या लाल डागावर लिंबाचा थेंब टाकला की तो पुन्हा पिवळा होतो, तो याच कारणाने.