दिव्यांग पुनर्वसनात पीजी करायचंय? फॉर्म भरायच्या आधी हे बघा

बीएएसएलपी (ऐकण्या-बोलण्याच्या दोषांवरच्या उपचारांची पदवी) किंवा स्पेशल बी.एड. (दिव्यांग मुलांना शिकवण्याची पदवी) झालं की ग्रुपवर एकच मेसेज फिरायला लागतो, "पीजीचे फॉर्म कधी निघणार?" फॉर्म निघतील हो, दरवर्षी निघतात, पण त्याआधी हे बघा की ज्या कॉलेजात जाताय तिथल्या त्याच कोर्सला त्याच वर्षासाठी आरसीआयची म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आहे का. कॉलेज जुनं आहे, बोर्ड मोठा आहे, बीएएसएलपी तिथं चालतं, म्हणून एमएस्सीलाही मान्यता असेलच असं समजू नका. आरसीआयच्या वेबसाइटवर मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते, त्यात कोर्सचं नाव आणि मान्यतेची मुदत दोन्ही वाचा. हे एवढं ताणून सांगतोय कारण १९९२ च्या आरसीआय कायद्यात स्पष्ट लिहिलंय की सीआरआरमध्ये म्हणजे केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव नसताना या क्षेत्रात प्रॅक्टिस केली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दंडाची रक्कम ऐकून हसू येतं, पण नोकरीच्या जाहिरातीत सीआरआर नंबर मागतात तेव्हा हसू येत नाही.

आता कोण कशाला पात्र ते बघू. बीएएसएलपीवाल्यांना एमएस्सी ऑडिऑलॉजी किंवा एमएस्सी स्पीच लँग्वेज पॅथॉलॉजी, म्हैसूरच्या आयिशमध्ये म्हणजे अखिल भारतीय वाक् श्रवण संस्थेत याला पदवीला ५५ टक्के लागतात, एससी-एसटीला ५०. एम.एड. स्पेशलसाठी आरसीआय मान्य स्पेशल बी.एड. ५० टक्क्यांनी. नुसतं साधं बी.एड. असेल तर सोबत आरसीआयचा स्पेशल डिप्लोमा हवा, हे बऱ्याच शिक्षकांना ऐनवेळी कळतं. कृत्रिम अवयव आणि कॅलिपरचं काम शिकलेले बीपीओवाले (प्रोस्थेटिक्स अँड ऑर्थोटिक्सचे पदवीधर) एमपीओला म्हणजे त्याच विषयाच्या पीजीला जातात. फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपीवाल्यांनो, तुमचं रजिस्ट्रेशन आरसीआयकडे होत नाही, महाराष्ट्रात तुमची स्वतंत्र राज्य परिषद आहे, त्यामुळे सीआरआरचं टेन्शन तुम्हाला नाही. आणि थेरपी करायची नाहीये, धोरण, हक्क, संस्था चालवणं यात रस आहे तर टिसचं म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं सोशल वर्कमधलं डिसॅबिलिटी स्टडीज आहे, ते कुठल्याही शाखेच्या पदवीधराला चालतं.

प्रवेशाचे रस्ते दोन. राज्याचा सीईटी सेल एमएस्सी ए अँड एसएलपी (ऑडिऑलॉजी आणि स्पीच), पी अँड ओ (कृत्रिम अवयव), फिजिओ आणि ओटीच्या (ऑक्युपेशनल थेरपी) पीजी सीईटी घेतो. केंद्राच्या संस्थांचं गणित वेगळं, म्हणजे म्हैसूरचं आयिश, कटकजवळचं स्वामी विवेकानंद पुनर्वसन संस्थान, आपल्या वांद्रे रेक्लमेशनचं अली यावर जंग वाणी-श्रवण संस्थान, यांची जाहिरात त्यांच्या त्यांच्या साइटवर येते. दोन्हीकडे भरा, एकाच परीक्षेच्या भरवशावर वर्ष घालवू नका.

कागदपत्रांत मार्कशीट, एलसी, डोमिसाईल, मायग्रेशन हे नेहमीचंच. अडकतं ते जातीच्या दाखल्यात. राज्याच्या प्रवेशाला जात वैधता आणि ३१ मार्चपर्यंतच्या मुदतीचं नॉन क्रिमीलेयर लागतं, पण केंद्राच्या संस्थेत ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातच हवा. सेतूत गेलात की "सेंट्रलचं पाहिजे" असं आधीच सांगा, नाहीतर राज्याचं हातात पडेल आणि व्हेरिफिकेशनला जागा ओपनमध्ये जाईल. एसईबीसी केंद्राकडे चालत नाही, उत्पन्नात बसत असाल तर ईडब्ल्यूएस बघा. इंटर्नशिप सुरू असेल तर ती कुठल्या तारखेच्या आत संपायला हवी ते माहितीपत्रकात असतं, आणि कंप्लीशन सर्टिफिकेटवर सहीसाठी एचओडींच्या मागे आधीच लागा. लग्नानंतर नाव बदललेल्या मैत्रिणींनी राजपत्राची प्रत किंवा विवाह प्रमाणपत्र फाईलमध्ये ठेवा, सीआरआरवर एक नाव आणि आधारवर दुसरं अशी केस दर बॅचला एक तरी असतेच.

उमेदवार स्वतः दिव्यांग असेल तर किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र हवं, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) असेल तर उत्तम. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आणि वयात ५ वर्षांची सूट आहे. लेखनिक लागणार असेल तर फॉर्म भरतानाच टिक करा, नंतर सेंटरवर जाऊन भांडून काही होत नाही. तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मिळतो, तोही मागावा लागतो. पालकांचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत असेल तर राष्ट्रीय स्कॉलरशिप पोर्टलवर दिव्यांग विद्यार्थ्यांची पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती भरा. ती पीजीलाही लागू आहे, हे कॉलेजच्या क्लार्कलाही कधीकधी माहीत नसतं.

आणि पीजी झालं की जुना सीआरआर आहे म्हणून गप्प बसू नका. नवी पदवी ॲडिशनल क्वालिफिकेशन म्हणून आरसीआयच्या पोर्टलवर वेगळी नोंदवावी लागते. रजिस्ट्रेशन पाच वर्षांनी रिन्यू होतं आणि त्याला सीआरईचे (कंटिन्युइंग रिहॅबिलिटेशन एज्युकेशन, म्हणजे पदवीनंतरचं चालू प्रशिक्षण) १०० पॉइंट लागतात, म्हणून पीजीच्या काळात ज्या सेमिनारला जाल तिथलं सीआरई सर्टिफिकेट त्याच दिवशी स्कॅन करून ठेवा.