मद्यपान घटवणारी औषधे व मेंदूतील जनुकक्रिया

दारूची ओढ कमी करणाऱ्या औषधांमुळे मेंदूतल्या कोणत्या जनुकांचे काम वाढते आणि कोणत्यांचे मंदावते, हा एका संशोधनशाखेचा विषय. जनुक बदलत नाही. त्यावरून पेशी किती आरएनए (जनुकातल्या माहितीची नक्कल) उतरवून घेते, ते प्रमाण बदलते.

दारू स्वतःच हे प्रमाण हलवते. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षांनी नाशिकला वाइनसाठी देशभर ओळख दिली. पण वाइन असो वा देशी, मेंदूत पोचते ते इथेनॉलच. यकृतात त्याचे ॲसिटेट होते. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांना या ॲसिटेटपासून आलेले ॲसिटिल गट चिकटतात, गुंडाळी सैल होते आणि तिथली जनुके जास्त वाचली जातात. उंदरांच्या मेंदूत हे 2019 मध्ये दिसले. दारू एकाएकी तोडली की उलटे घडते: भीती-बेचैनीशी निगडित अमिग्डाला या भागात हे गट काढणारी विकरे (एन्झाइम) जोर धरतात, बेचैनी शमवणाऱ्या न्यूरोपेप्टाइड वायचे जनुक मंदावते. 2008 च्या प्रयोगात ही विकरे रोखणारे ट्रायकोस्टॅटिन ए दिल्यावर उंदरांची बेचैनी ओसरली. दारू सोडणाऱ्याच्या तगमगीला घरचे ‘मनाचा कच्चेपणा’ म्हणतात, ते म्हणूनच अन्यायाचे आहे.

औषधांचा परिणाम वाचताना मोठी अडचण येते. औषध घेतलेला प्राणी कमी पितो. मग दिसलेला बदल औषधाचा की कमी पिण्याचा? यावर उपाय म्हणजे एकाच कुळातली औषधे शेजारी ठेवणे. चरबी कमी करणारे फेनोफायब्रेट आणि त्याच्या जवळचे टेसाग्लिटाझार यांनी उंदरांचे पिणे घटवले, बेझाफायब्रेटने नाही. पहिल्या दोघांत सारखे आणि तिसऱ्यात नसलेले जनुकबदल पिण्याशी जोडलेले असण्याची शक्यता अधिक. अर्थात हे सारे उंदरांतले. जिवंत माणसाच्या मेंदूचा तुकडा असा काढून तपासता येत नाही.

प्रत्यक्ष उपचारात डायसल्फिरम, नॅलट्रेक्झोन (अमेरिकेत मान्यता 1994) आणि अकॅम्प्रोसेट (तिथेच 2004) ही औषधे आहेत. डायसल्फिरम ओढ कमी करत नाही. ते यकृतातले विकर अडवते, दारूपासून बनणारे विषारी ॲसिटाल्डिहाइड साचते आणि प्यायल्यावर चेहरा लाल होणे, उलट्या, रक्तदाब कोसळणे असा त्रास होतो. रुग्णाला न सांगता ते चहात किंवा भाजीत कालवणे जिवावर बेतू शकते. हताश बायको-आईची अवस्था समजण्यासारखी आहे, तरी हे करू नये.

जनुक तपासून औषध ठरवण्याची आशा अजून फळलेली नाही. नॅलट्रेक्झोन मेंदूतली जी अफूवर्गीय औषधांची ग्राही (रिसेप्टर) अडवते, तिचे जनुक ओपीआरएम1. त्याचा एक प्रकार असलेल्यांना नॅलट्रेक्झोन अधिक लागू पडते, असे वाटत होते. 2015 च्या चाचणीत ते दिसले नाही. त्यामुळे नाशिकच्या व्यसनमुक्ती दवाखान्यातही डॉक्टर आधी पाहतात ते यकृत आणि मूत्रपिंडाचे रिपोर्ट, आणि रुग्ण अफूवर्गीय वेदनाशामक घेतो का ते.