फ्लाइट किती तासांची आणि गाडी किती वाजता?

ठाण्याहून विमानतळावर जायला-यायला आमची गाडी घेणाऱ्या ग्राहकांसाठी

“दुबईची फ्लाइट तीन तासांची. मुलगा तिकडून रात्री दहाला निघतोय, म्हणजे एकला सहारला गाडी लावा.” असे फोन आम्हाला सारखे येतात. गाडी एकला लागते आणि मुलगा अडीचला उतरतो. मधल्या दीड तासाचं पार्किंग कोणी भरायचं, यावरून मग उगाच वाद.

तिकिटावरची निघायची वेळ त्या गावची असते आणि उतरायची वेळ इथली. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. म्हणून मुंबईहून सकाळी दहाला निघालेलं विमान तिकडे पावणेबाराच्या सुमारास उतरलेलं दिसतं, आणि लोकांना वाटतं पावणेदोन तासांत दुबई! परतीला तोच हिशेब साडेचार तासांचा दिसतो. प्रवास दोन्ही वेळा साधारण तीन-सव्वातीन तासांचाच. तेव्हा कृपा करून तास मोजू नका, तिकिटावरची उतरण्याची वेळ जशीच्या तशी सांगा. तारीखही. चौदाच्या रात्री तिकडून निघालेलं विमान इथे पंधराच्या पहाटे येतं. तिकिटावर वेळेशेजारी बारीक ‘+1’ असतो तो याचसाठी, आणि तो कोणी वाचत नाही.

देशातल्या देशात घड्याळाची भानगड नाही, तरी गणित चुकतंच. मुंबई-दिल्ली विमानतळांमधलं अंतर नेटवर सुमारे 1,140 किलोमीटर दिसतं. विमान ताशी आठशेच्या वर जातं, म्हणजे दीड तास पुरे, असं गिऱ्हाईक आम्हाला पटवून देतं. पण ते अंतर नकाशावरचं सरळ. तिकिटावरचे सव्वादोन तास विमान जागेवरून हललं तेव्हापासून पलीकडे जागेवर थांबेपर्यंतचे. धावपट्टीची रांग, दिल्लीवर घातलेल्या घिरट्या, सगळं त्यात आलं. शिवाय वरचा पश्चिमेचा वारा पाठीशी असला की विमान लवकर येतं. लंडनहून येताना जातानापेक्षा कमी वेळ लागतो तो त्यामुळेच.

म्हणून आम्ही वेळेपेक्षा फ्लाइट नंबर मागतो. काहींना तो चोंबडेपणा वाटतो. पण नंबर असला की विमान कुठवर आलंय ते आम्हाला फोनवर दिसतं आणि ड्रायव्हर त्याप्रमाणे ठाण्याहून निघतो. अशा बुकिंगला विमान उतरल्यापासून पहिला एक तास थांबण्याचे पैसे आम्ही घेत नाही, विमान कितीही उशिरा येवो. नंबर न देता नुसती वेळ सांगितलीत, तर मीटर त्या वेळेपासून. हे आधीच सांगून ठेवतो.

जाताना मात्र उडण्याच्या वेळेवरून गाडी मागू नका. परदेशी जाणाऱ्यांनी तीन तास, इतरांनी दोन तास आधी पोहोचायचं, आणि त्याच्याआधी घोडबंदर रोड आहेच. कासारवडवलीच्या पलीकडे राहणाऱ्यांना आम्ही आणखी पाऊण तास आधीची वेळ देतो. पावसाळ्यात तर त्यावर अजिबात घासाघीस करू नका.

आता आणखी एक. नवी मुंबईच्या विमानतळावरून 25 डिसेंबर 2025 पासून उड्डाणं सुरू झाली आहेत. तिकिटावर ‘मुंबई’ वाचून थांबू नका, कोड बघा : बीओएम म्हणजे सहार-सांताक्रूझ, एनएमआय म्हणजे उलवे. पहिल्याला मुलुंडवरून जायचं, दुसऱ्याला ऐरोलीवरून, आणि भाडंही वेगळं. शंका असेल तर तिकिटाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाका, आम्ही वाचून गाडीची वेळ कळवतो. त्याचे पैसे नाहीत.